वीरगळांवरचा ऑइलपेंट आणि पायथ्याचं सिमेंट कसं काढावं? मदत हवी आहे

नमस्कार. घोडबंदर रस्त्यालगतच्या एका गावठाणात देवळाच्या पाराला टेकून दोन वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांच्या कोरीव स्मारकशिळा) उभे आहेत. दगड सच्छिद्र बेसाल्ट, उंची साधारण चार फूट. खाली लढाई, माथ्याकडे शिवलिंगाची पूजा एवढं ओळखू येतं. मधला स्वर्गारोहणाचा पट्टा भगव्या ऑइलपेंटच्या थरांखाली बुजलाय. पार बांधताना पायथा सिमेंटमध्ये गाडला गेला. आता ओल बाहेर न पडता दगडातून वर चढते, क्षार फुलतात आणि खालचे पापुद्रे सुटतात.

शेवाळं साधं पाणी, नायलॉनचा ब्रश आणि बांबूच्या काड्यांनी निघालं. रंग हलला नाही. मागच्या कोऱ्या बाजूला, जिथे रंगाचे ओघळ आहेत, तिथे अ‍ॅसिटोनमध्ये कालवलेल्या मुलतानी मातीचा लेप प्लास्टिकखाली ठेवून पाहिला. थर मऊ झाला, पण सुटलेला रंग छिद्रांत उतरला, म्हणून थांबलो. तारेचा ब्रश, सँडब्लास्टिंग, अ‍ॅसिड कृपया सुचवू नका (अ‍ॅसिडचा सल्ला हमखास येतो).

वीरगळ संरक्षित यादीत नाहीत, तरी राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाला लेखी कळवलंय. गावकऱ्यांची संमती आहे. पूजा सुरू असल्याने दगड जागचा हलवायचा नाही, एवढीच अट. तिथे वीज नाही.

रंग छिद्रांत न उतरता काढायला जेलमधलं कुठलं सॉल्व्हंट वापरावं, किती वेळ ठेवावं? आणि हातछिन्नीने सिमेंट फोडताना दगडापासून किती अंतर सोडावं, नंतर भरायला चुना-वाळूचं प्रमाण काय घ्यावं?