मुलगी "ऐकून शिकणारी" आहे असा रिपोर्ट आलाय, मग दहावीची उजळणी कशी करून घ्यायची?

आर्याची_आई (हडपसर)

नमस्कार सगळ्यांना. मुलगी यंदा दहावीला आहे, स्टेट बोर्ड, सेमी इंग्लिश. दिवाळीआधी क्लासमधे त्यांची एक टेस्ट घेतली, त्यात प्रश्न असे होते की नवीन मोबाइल आणला तर तुम्ही सोबतचं पुस्तक वाचता की कोणाला विचारता की सरळ बटणं दाबून बघता, आणि त्यावरून रिपोर्ट दिला की ही ऑडिटरी लर्नर, म्हणजे हिला ऐकून लक्षात राहतं. तेव्हापासून ती प्रत्येक धडा पुस्तकातून मोठ्यानं वाचून मोबाइलवर रेकॉर्ड करते आणि हेडफोन लावून ऐकत बसते, बसमधे, जेवताना, झोपताना सुद्धा. मेहनत खूप घेतीये हो, त्यात काही कमी नाहीये. ऐकताना पुढचं वाक्य तिच्या तोंडावर असतं, म्हणते आई मला सगळं येतंय. पण परवा मी सहज भूगोलाचं पुस्तक घेऊन विचारलं की ब्राझीलच्या ईशान्येला पाऊस कमी का पडतो, तर दोन शब्द बोलून गप्प झाली आणि मग रडायलाच लागली. सायन्स वनमधे लेन्सच्या रे डायग्रामचंही तेच, रेकॉर्डिंगमधे डायग्राम येणार कशी?

प्रिलिम जानेवारीत आहे. मला तिच्यावर ओरडायचं नाहीये, तिची जी पद्धत आहे तिला साजेसं उजळणीचं एखादं तंत्र कोणी सांगेल का? का तो रिपोर्ट बाजूलाच ठेवू? ज्यांनी मुलांचं दहावीचं वर्ष काढलंय किंवा जे शिकवतात त्यांनी प्लीज सांगा.

मानसशास्त्र_शिकवते (कोल्हापूर)

ताई, अख्खं पुस्तक स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करणारी मुलगी आहे, तिचं आधी कौतुक करा. ही मेहनत वाया जाणार नाही, फक्त वळवायला लागेल.

रिपोर्टबद्दल आधी बोलते कारण तो प्रश्न महत्त्वाचा आहे. बघून शिकणारे, ऐकून शिकणारे, करून शिकणारे अशा प्रश्नावल्या खूप आहेत, त्यातली सगळ्यात प्रसिद्ध न्यूझीलंडच्या नील फ्लेमिंग यांची वार्क, 1992 च्या सुमाराची. अशा प्रश्नावलीतून मुलाला काय आवडतं ते कळतं आणि आवड खरीच असते. पण आवडीच्या मार्गानं शिकवलं की जास्त लक्षात राहतं हा जो पुढचा दावा आहे ना, त्याला धड पुरावा नाही. 2008 साली हॅरॉल्ड पॅशलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावरचं संशोधन तपासलं. खरी कसोटी अशी की "ऐकणारे" आणि "बघणारे" दोघांनाही दोन्ही पद्धतींनी शिकवा, मग सगळ्यांची एकच परीक्षा घ्या आणि बघा ज्याला त्याला आपापल्या पद्धतीचा फायदा झाला का. अशी कसोटी लावलेले अभ्यासच मुळात हातावर मोजण्याइतके निघाले आणि त्यातल्याही काहींचे निकाल दाव्याच्या उलट होते. त्यामुळे "मी ऑडिटरी आहे" हा शिक्का मुलीनं स्वतःवर मारून घेऊ नये असं मला फार मनापासून वाटतं, कारण उद्या ती डायग्राम काढणंच सोडून देईल, हे आपलं नाहीच म्हणून.

आता दुसरी गोष्ट, ऐकताना सगळं येतंय असं का वाटतं. रोडिगर आणि कारपिक या दोघांचा 2006 चा प्रयोग आहे. एका गटानं उतारा चार वेळा अभ्यासला, दुसऱ्यानं एकदाच अभ्यासला आणि नंतर तीन वेळा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर चारदा वाचणारे पुढे. आठवड्यानं विचारलं तर वाचणाऱ्यांना 40 टक्के आठवत होतं आणि आठवून लिहिणाऱ्यांना 61 टक्के. आणि आपल्याला नंतरही आठवेल अशी खात्री जास्त कोणाला होती, तर चारदा वाचणाऱ्यांना! आर्याचं अगदी हेच होतंय, पुढचं वाक्य आधीच्या वाक्याच्या आधारानं येतं, परीक्षेत ते आधीचं वाक्य कोणी म्हणत नाही.

म्हणून माझं म्हणणं, रेकॉर्डर राहू द्या, फक्त क्रम उलटा करा. धडा एकदा नीट वाचायचा, पुस्तक मिटायचं, आणि मग जेवढं आठवेल तेवढं बोलून रेकॉर्ड करायचं, अडखळली तरी चालेल, थोडं थांबून आठवू दे. नंतर पुस्तक उघडून स्वतःचंच रेकॉर्डिंग ऐकायचं आणि जे सुटलं त्याच्याखाली पेन्सिलीनं रेघ. म्हणजे तिची बोलण्या-ऐकण्याची आवडही राहिली आणि आठवायचं कामही झालं.

एक वेगळी गोष्ट पण सांगून ठेवते. तिला वाचायलाच खूप त्रास होत असेल, अक्षरं उलटसुलट होणं, वयाच्या मानानं वाचन फारच हळू, तोंडी सगळं येतं पण लिहिताना शुद्धलेखन पूर्ण कोलमडतं असं लहानपणापासून असेल, तर तो लर्निंग स्टाइलचा विषय नाही, ती अध्ययन अक्षमता असू शकते, तिची तपासणी वेगळी असते. मुंबईत सायन हॉस्पिटलसारख्या ठिकाणी ती होते आणि प्रमाणपत्र असेल तर बोर्ड जादा वेळ, लेखनिक अशा सवलती देतं, अर्ज शाळेमार्फत जातो. तसं काही नसेल तर हे सोडून द्या.

भूमितीवाले_सर (सातारा जिल्हा)

वरच्या मॅडमशी सहमत. मी त्यात विषयांचं घालतो कारण माझ्या मते उजळणीचं तंत्र मुलाच्या कान-डोळ्यांवरून ठरवायचंच नाही, ते विषयावरून आणि पेपरात प्रश्न कसा येतो त्यावरून ठरवायचं.

भूमिती ऐकून होत नाही, कोणाचीच नाही. पायथागोरसचं प्रमेय घ्या. कोऱ्या कागदावर आकृती काढायची, नावं द्यायची, पक्ष, साध्य, रचना, सिद्धता, प्रत्येक पायरीसमोर कारण, आणि हे सगळं पुस्तक न बघता. जिथं हात थांबला तेवढीच पायरी पुस्तकात बघायची, पुस्तक परत मिटायचं आणि पहिल्यापासून काढायचं. तुमची सेमी आहे म्हणजे गिव्हन, टू प्रूव्ह, प्रूफ, बाकी तेच.

आणि एक चूक पोरं दरवर्षी करतात, प्रॅक्टिस सेट ओळीनं सोडवत जातात. मेन्सुरेशनमधे कोनची सगळी गणितं एका बैठकीत, मग सिलिंडर, मग स्फिअर, मग फ्रस्टम. त्या सेटवर कोणतं सूत्र लावायचं ते आधीच माहीत असतं, पण पेपरात ते ओळखण्यालाच तर मार्क असतात! रोहरर आणि टेलर यांनी 2007 मधे हेच तपासलं, घनफळाचीच गणितं होती, चार प्रकारच्या आकृत्यांची. एकेक प्रकार सलग सोडवणाऱ्यांची सराव करताना जास्त गणितं बरोबर येत होती, मिसळून सोडवणाऱ्यांची कमी. आठवड्यानं परीक्षा घेतली तर सलगवाल्यांना 20 टक्के आणि मिसळवाल्यांना 63 टक्के. तेव्हा प्रॉब्लेम सेटमधली गणितं चिठ्ठ्या टाकून काढा, वेगवेगळ्या धड्यांतली, आणि सोडवायच्या आधी तिला फक्त एवढंच विचारा की हे कशातलं आहे आणि कशावरून ओळखलंस.

रानफुल_12वी

काकू मी दोन वर्षांपूर्वी याच सिलॅबसला होते सो माझं सांगते. मी सगळ्या विषयांना एकच पद्धत कधीच लावली नाही. इतिहासाच्या पहिल्या दोन धड्यांत नावंच नावं आहेत, व्हॉल्टेअर, देकार्त, रांके, फुको, कोण काय म्हणाला, कोणाला आधुनिक इतिहासलेखनाचा जनक म्हणतात, त्याच्या मी चिठ्ठ्या केल्या होत्या, एका बाजूला नाव, मागे माहिती. येणाऱ्या चिठ्ठ्या मागच्या डब्यात, न येणाऱ्या पुढच्या डब्यात, पुढचा डबा रोज, मागचा अधूनमधून, एवढंच. पण टिपा लिहा आणि सकारण स्पष्ट करा ह्याला चिठ्ठ्यांचा काही उपयोग नाही, त्याला मी भिंतीसमोर उभं राहून शिकवल्यासारखं बोलायचे आणि घरचे हसायचे पण ते फार कामी आलं.

तो ब्राझीलचा प्रश्न आहे ना, तो कारण सांगण्याचा आहे, त्याची साखळी असते, समुद्रावरून वारे येतात, उच्चभूमीमुळे अडतात, पलीकडचा भाग पर्जन्यछायेत जातो, म्हणून तिथे पाऊस कमी, त्याला अवर्षण चतुष्कोन म्हणतात. हे तिला स्वतःलाच "का? मग पुढे? मग?" असं विचारत बोलू दे. आणि शेजारी ब्राझीलचा नुसता आउटलाइनचा नकाशा ठेवून त्यात तो भाग शेड करू दे, बोलणं आणि नकाशा दोन्ही. फक्त ऐकणारी, फक्त बघणारी असं कशाला!

सायन्स टूचे डायग्राम पण तसेच, पुस्तकातली डायग्राम ट्रेस करू नका, न बघता काढा, नावं द्या, मग पुस्तकाशी ताडा. आणि रंगीत पेनांत वेळ घालवू देऊ नका प्लीज, माझ्या बऱ्याच मैत्रिणींच्या नोट्स इतक्या सुंदर होत्या की शेवटपर्यंत नोट्सच करत राहिल्या.

आजोबा_पंढरपूर

पाठांतराला सगळे नावं ठेवतात म्हणून लिहितोय. आम्ही शाळेत पावकी, निमकी, दिडकी, औटकीपर्यंत पाढे मोठ्यानं म्हणायचो, आजही विसरलो नाही. पण नुसते म्हणायचो म्हणून नव्हे. गुरुजी मधेच एकाला उभं करायचे, "तेरा साते?", आणि पहिल्यापासून पाढा म्हणत यायची मुभा नसायची. मुलीला रेकॉर्डिंग ऐकवताना असंच मधून कुठूनही विचारा. कविता, संस्कृतची सुभाषितं, व्याख्या, नियम हे मोठ्यानं म्हणून पाठ करायला काहीच हरकत नाही, मनात वाचण्यापेक्षा मोठ्यानं म्हटलेलं जास्त राहतं हा आमचा अनुभव आहे.

मानसशास्त्र_शिकवते (कोल्हापूर)

आजोबा, तुमचा अनुभव बरोबर आहे. मोठ्यानं उच्चारलेले शब्द मनात वाचलेल्या शब्दांपेक्षा जास्त लक्षात राहतात हे प्रयोगांतही दिसलंय. आणि गुरुजींचं ते मधेच विचारणं हीच खरी उजळणी.

आर्याची_आई (हडपसर)

सगळ्यांचे खूप आभार, इतकं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. वाचनाचा त्रास वगैरे काही नाही मॅडम, चौथीपासून गोष्टींची पुस्तकं वाचते.

मी तिला हा धागा वाचायला दिला, आणि सांगितलं की कोणाचंच ऐकू नको, तूच दोन्ही करून बघ. भूगोलाचे दोन धडे घेतले, लोकसंख्या नेहमीसारखा रेकॉर्डिंग ऐकून आणि मानवी वस्ती पुस्तक मिटून बोलून. दोन्हीला वेळ सारखाच दिला, मधे एक आठवडा हातच लावू दिला नाही आणि मग दोन्हीचे स्वाध्याय न बघता लिहायला सांगितले. मानवी वस्तीचा पेपर भरला, फॅवेलाबद्दल, म्हणजे ब्राझीलमधल्या झोपडपट्ट्यांबद्दल, तर माझ्यापेक्षा जास्त लिहिलंय, लोकसंख्येत आलेख काढला पण कारणं अर्धीच. तिनं स्वतः तपासलं त्यामुळे वाद झाला नाही.

पण आता ती म्हणते की हे बोलायचं काम जड जातं, दोन धड्यांत डोकं दुखतं, ऐकताना कसं हलकं वाटायचं. चिडते पण. आणि मला हेही कळत नाहीये की एकदा केलेला धडा परत किती दिवसांनी घ्यायचा, विज्ञानाचेच दोन्ही भाग धरून वीस धडे आहेत.

भूमितीवाले_सर (सातारा जिल्हा)

तुम्ही घरी जो प्रयोग केलात तो शाळेत प्रत्येक मुलाकडून करून घ्यायला हवा, उत्तम केलंत. जड जातंय ते साहजिक आहे, काम होतंय म्हणूनच जड जातंय. अख्खा धडा एका दमात बोलायला लावू नका, एक उपघटक, मग पाच मिनिटं बाहेर चक्कर. विज्ञान, इतिहास, भूगोल, गणित सगळे पेपर 40 मार्कांचे, दोन तासांचे, तेव्हा जानेवारीच्या आधी आठवड्यातून एक जुना पेपर घड्याळ लावून, टेबलखुर्चीवर बसून. त्या दोन तासांत तुम्ही खोलीत जायचं नाही.

मानसशास्त्र_शिकवते (कोल्हापूर)

अंतराचं सांगते. सेपेडा आणि सहकाऱ्यांनी 2008 मधे तेराशेहून जास्त लोकांवर तपासलं होतं, त्यात दिसलं की परीक्षा जितकी लांब तितकं दोन उजळण्यांमधलं अंतर जास्त हवं. आठवड्यावर परीक्षा असेल तर एकदोन दिवसांनी, महिनाभरावर असेल तर साधारण आठवड्यानं परत घ्यायचा. अगदी काटेकोर नको, वहीत धड्याचं नाव आणि पुढची तारीख एवढं लिहून ठेवा.

वीस धड्यांची भीती वाटते कारण आपण परत वाचायचं धरतो. परतीच्या वेळी पुस्तक उघडायचंच नाही, स्वाध्यायातले तीनच प्रश्न निवडायचे, एक कारण द्या, एक फरक, एक आकृती. तीनही आले तर धडा दोन आठवडे पुढे ढकला, एखादा अडला तर तेवढाच भाग वाचून परवा परत. आणि हलकं वाटावं म्हणून तिला ऐकायचंच असेल तर बसमधे ऐकू दे की, पण प्रश्नांचं रेकॉर्डिंग. तिच्याच आवाजात प्रश्न, मग थोडा वेळ शांतता, मग उत्तर, त्या शांततेत तिनं उत्तर द्यायचं. प्रश्न तिनेच तयार करायचे, तुम्ही करून देऊ नका.

रानफुल_12वी

काकू ते शांततेवालं रेकॉर्डिंग मस्त आहे, मी पण सीईटीला करते आता. आर्याला सांगा एक धडा केला की मैत्रिणीबरोबर अदलाबदल करायची, तिचे प्रश्न आपण, आपले तिने. दुसऱ्याने काढलेला प्रश्न जास्त अडवतो.