मदत हवी आहे: इलेक्ट्रिक गिटारसाठी रिव्हर्ब पेडल, तातडीचं

कोरडी_तार
जाणकार मंडळी, रिव्हर्बचं (गिटारच्या आवाजाला घुमारा देणारं, पायाने दाबायचं) पेडल घ्यायचंय. बजेट 8 हजार, फारच ताणलं तर 10. मित्राकडून हॉल ऑफ फेम 2 हे पेडल आणून बघितलं. घरी झकास वाजलं, प्रॅक्टिसला नेलं तर नुसता चिखल. कॉर्ड कुठला चाललाय ते आमच्या बेसवाल्यालाही कळेना. म्हणजे ते पेडल बाद. बॉस आरव्ही-6 घेऊ की होली ग्रेल नॅनो? रविवारी कार्यक्रम आहे, त्यामुळे 'गूगल करून बघ' टाइप प्रतिसाद नकोत.

रानभैरी
अँप (अँप्लिफायर) कुठला?

मुळामुठा
हेच विचारायला आलो होतो. अँप कुठला, डिस्टॉर्शन, म्हणजे मुद्दाम फाटका केलेला आवाज, कुठून घेतोस, चिखल क्लीनवरही (न फाटलेल्या आवाजावरही) होतो की फक्त डिस्टॉर्शनवर? अँपच्या मागे सेंड आणि रिटर्न अशी दोन भोकं आहेत का? हे कळल्याशिवाय जो पेडल सुचवेल त्याच्याकडूनच पैसे घे.

कोरडी_तार
अँप ऑरेंजचा आहे. पण प्रश्न पेडलचा आहे ना.

चारचौघात
आरव्ही-6 डोळे झाकून घे. स्प्रिंगपासून शिमरपर्यंत 8 मोड, म्हणजे घुमाऱ्याचे प्रकार, आणि पत्रा असा की पेडल पायरीवरून गडगडत खाली गेलं तरी वाजत राहील. 8 हजारांत नवं येणार नाही, सेकंडहँड बघ. विकत घेण्याआधी प्रत्येक मोड वाजवून बघ आणि खटका चार वेळा दाबून बघ.

ऑलराउंडर
एका रिव्हर्बसाठी एवढे पैसे? झूमचं एमएस-70सीडीआर बघ. कोरस, डिले, रिव्हर्ब सगळं एका डबीत, एका वेळी 6 इफेक्ट लावता येतात. घड्याळात घालतो तसल्या दोन पेन्सिल सेलवरही चालतं.

चारचौघात
@ऑलराउंडर आणि चालू गाण्यात वाकून त्या टीचभर स्क्रीनवर काय लिहिलंय ते वाचत बसायचं. गिटार वाजवायचीय की मोबाईल?

ऑलराउंडर
चष्मा लावा.

मुळामुठा
भांडा निवांत. @कोरडी_तार, ऑरेंज कुठला? क्रश 20 असेल तर त्यात 20 आणि 20 आरटी असे दोन येतात. आरटीमध्ये रिव्हर्ब आतच असतो, मग बाहेरचा कशाला?

कोरडी_तार
साधा 20. आरटी नाही. मागे भोकंबिकं काही नाहीत. डिस्टॉर्शन अँपचंच, डर्टी चॅनल, गेनचा (आवाज किती फाटावा त्याचा) नॉब घड्याळातल्या 2 वाजता. गाणी रॉक. झालं? आता सांगा.

मुळामुठा
आता जमलं. पेडलचा काहीएक दोष नाही.

तुझ्याकडे गिटारचा आवाज आधी रिव्हर्बमध्ये जातो आणि मग अँपच्या डर्टी चॅनलमध्ये. डिस्टॉर्शन काय करतं? मोठा आवाज कापतं आणि बारीक आवाज वर खेचतं, म्हणजे सगळे साधारण एका उंचीला येतात. रिव्हर्बची शेपटी मुळात बारीक हवी, सुरामागे विरत जाणारी. ती डिस्टॉर्शनमधून गेली की थेट सुराच्या मांडीला मांडी लावून बसते. आधीच्या कॉर्डची शेपटी पुढच्या कॉर्डवर चढते, तो तुझा चिखल. घरी तू क्लीनवर वाजवलं असणार, पैज. आरव्ही-6 लाव, 12 प्रकारचे रिव्हर्ब देणारं स्ट्रायमनचं बिगस्काय लाव, या जागेवर हेच होणार.

इफेक्ट्स लूप असता, म्हणजे ती मागची दोन भोकं, तर रिव्हर्ब प्रीअँपच्या, म्हणजे अँपमध्ये डिस्टॉर्शन होतं त्या भागाच्या, नंतर घालता आला असता. तुझ्या अँपला तो नाही. म्हणून अँप क्लीन चॅनलवर ठेव आणि डिस्टॉर्शनचं वेगळं पेडल आण. गिटार, मग डिस्टॉर्शन, मग रिव्हर्ब, मग अँप. रिव्हर्ब कुठल्या कंपनीचा, हा त्यानंतरचा प्रश्न.

व्हॉल्व्हवाला
असहमत. रिव्हर्ब अँपच्या आधीच लावायचा असतो. फेंडरने 1961 साली रिव्हर्बचा स्वतंत्र डबा काढला. व्हॉल्व्हचा, आत खऱ्या स्प्रिंगा, वर ड्वेल, मिक्सर आणि टोन असे तीनच नॉब. सर्फ संगीत वाजवणाऱ्या डिक डेलच्या गिटारचा तो ओला आवाज त्याच डब्याचा, आणि तो डबा गिटार आणि अँपच्या मधेच जोडायचे. फेंडरच्या अँपच्या पोटात रिव्हर्ब आला तो 1963 च्या व्हायब्रोव्हर्बपासून. लूप वगैरे नंतरची फॅडं. आणि स्प्रिंगच्या अँपला धक्का लागल्यावर आत जो कडकडाट होतो, तो तुमच्या चिपांमध्ये आणून दाखवा.

मुळामुठा
काका, इतिहास मान्य. पण ते अँप क्लीन असायचे. गेन 2 वाजता ठेवून सर्फ कोण वाजवतं?

व्हॉल्व्हवाला
पूर्ण आवाजाला तेही फाटायचे. आणि काका म्हणू नका.

वसईचा_वारा
मी चर्चमध्ये वाजवतो. छत उंच, भिंती दगडी, आवाज आपला आपणच घुमतो, त्यामुळे पेडल बऱ्याचदा बंदच असतं. शिमरच्या नादी लागू नकोस. रिव्हर्बमध्ये वरच्या सप्तकाचा सूर मिसळतो, पहिल्या गाण्याला सगळे वाहवा करतात, तिसऱ्याला डोकं उठतं. कार्यक्रम कुठे आहे, हॉलमध्ये की उघड्यावर?

कोरडी_तार
सोसायटीच्या हॉलमध्ये. त्याचा काय संबंध?

वसईचा_वारा
फरशी आणि मोकळ्या भिंती असतील तर अर्धा रिव्हर्ब हॉलच देईल, तोही फुकट. डिके, म्हणजे घुमारा विरायला लागणारा वेळ, अगदी थोडा ठेव. रूम नाहीतर प्लेट, हॉल मोड नको.

ढोलकीचा_शेजारी
आमची बेंजो पार्टी आहे. पेडलबिडल कधी वापरलं नाही. मिक्सरवर इको असतो, ऑपरेटरला खूण केली की वर करतो. तुम्हीपण साउंडवाल्याला सांगा की भाऊ.

रानभैरी
इथे गिटारबद्दल चाललंय हो.

मुळामुठा
@रानभैरी, थांबा, धाग्यातला सगळ्यात स्वस्त उपाय तोच आहे. अँपपुढे माईक लावायचा आणि रिव्हर्ब मिक्सरवर द्यायचा. म्हणजे तो आपोआप डिस्टॉर्शननंतर येतो. खर्च शून्य. फक्त इकोचा नॉब नको, रिव्हर्बचा. आणि स्टेजवर तुला स्वतःला तो ऐकू येईलच असं नाही, मॉनिटरमध्ये मागून घे.

गृहिणी_इन_ई_मायनर
धाग्यावरून आठवलं. मुलीसाठी युकुलेले घ्यायचंय, सोप्रानो की कॉन्सर्ट?

ऑलराउंडर
कॉन्सर्ट घ्या ताई. फ्रेट जरा मोठे असतात, बोटं अडकत नाहीत.

चारचौघात
सोप्रानो. लहान हातांना तेच बरं. यांना सगळंच मोठं हवं असतं.

डागणी
पेडल विकत कशाला घेताय? बेल्टनची रिव्हर्ब ब्रिक, म्हणजे रिव्हर्बचा तयार ठोकळा, मिळते, आत पीटी2399 च्या तीन चिपा असतात. कॅराओकेच्या इको बोर्डात असते तीच चिप. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीत हिंडा, बाकीचे सुटे भाग मिळून जातील. पॉवरला घरात पडलेला राउटरचा अडॅप्टर लावा.

चारचौघात
राउटरचा अडॅप्टर कुणीही लावू नये! तो बहुतेक वेळा 12 व्होल्टचा असतो आणि त्याची मधली पिन धन असते. गिटारच्या पेडलला साधारणपणे 9 व्होल्ट डीसी लागतं आणि मधली पिन ऋण. अडॅप्टरवर गोलात टिंब काढलेलं चित्र असतं, त्यात मधल्या टिंबाला जोडलेलं चिन्ह वजा पाहिजे. मिलीअँपिअरही बघा, एकट्या आरव्ही-6 ला 95 लागतात. @कोरडी_तार, तुझ्याकडचं पेडल मित्राचं आहे हे विसरू नकोस.

डागणी
मी स्वतः बनवलेल्या सर्किटबद्दल बोलत होतो. आत व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर असतो.

चारचौघात
मग तसं लिहायचं ना.

कोरडी_तार
दुसऱ्या गिटारवाल्याचं बॉस डीएस-1 हे डिस्टॉर्शनचं पेडल आणलं, अँप क्लीनवर ठेवला. चिखल गेला. हे पहिल्याच प्रतिसादात सांगितलं असतं तर? आता नवीन कटकट: दोन्ही पेडलं लावली की बारीक कुंईऽऽ असा आवाज येतोय. डीएस-1 खराब आहे का?

मुळामुठा
पहिल्या प्रतिसादात अँपच विचारला होता. दोन्हीला अडॅप्टर एकच आहे का, फाटे फुटलेल्या वायरचा?

कोरडी_तार
हो. का?

मुळामुठा
हॉल ऑफ फेम डिजिटल आहे. त्याचा किरकिराट त्याच वायरीवरून डीएस-1 मध्ये शिरतो आणि डिस्टॉर्शन तो मोठा करतं. डीएस-1 चा फाटा काढ आणि त्यात 9 व्होल्टची चौकोनी बॅटरी घाल. ते पेडल पॉवर अगदी थोडी खातं, कार्यक्रम आरामात निघेल. पुढे सवडीने आयसोलेटेड, म्हणजे प्रत्येक पेडलला वेगळी वीज देणारा, पॉवर सप्लाय घे.

व्हॉल्व्हवाला
इमारत जुनी असेल तर प्लगचं अर्थिंगही तपासा. निम्म्या ठिकाणी तिसरं भोक नुसतं शोभेला असतं.

कोरडी_तार
बॅटरी घातली, आवाज बंद. डीएस-1 चा टोन किती ठेवू?

मुळामुठा
10 वाजता. त्याच्यावर नेलास तर कानात सुई जाते.

गृहिणी_इन_ई_मायनर
कॉन्सर्टच ठरलं. त्याला अँप लागतो का?

रानभैरी
नाही ताई.