शेताची वाट म्हणजे मेहेरबानी नव्हे

बांधावरचा
काल इथे एकाने लिहिलं, "सातबारा माझा, तर वाटही माझ्या मर्जीची. ज्याला रस्ता नाही त्याने जमीन घेतानाच बघायचं होतं." ते वाचून डोकं भणाणलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

आम्ही जमीन घेतलेली नाही. आजोबांच्या वाटणीत आतलं पावणेदोन एकर आलं, रस्त्याकडचं चुलत आजोबांना. तीन पिढ्या बैलगाडी त्यांच्या कडेने गेली. गेल्या हंगामात त्यांच्या नातवाने वाटेत गुडघाभर चर मारला आणि वर बाभळीच्या फांद्या टाकल्या. ऊसतोड टोळी दोन दिवस थांबली आणि पुढच्या गावाला गेली. तोड मिळेपर्यंत उसाला तुरे आले होते. याला मालकी म्हणायचं?

सातबारावाला
ती पोस्ट माझीच आहे आणि शब्द मागे घेत नाही. वडिलांनी शेजाऱ्याला बैलगाडीपुरती वाट दिली, तीही माणुसकीने. आज तिथून ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढतो. दर पावसाळ्यात चाकोरी चिखलाने भरते की ड्रायव्हर तेवढा आणखी आत घेतो. हळदीच्या चार सऱ्या गेल्या माझ्या. त्याची भरपाई कोण देणार?

कोर्टाच्या पायऱ्या झिजवलेला
दोघेही दोन वेगळ्या गोष्टी बोलताय. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात वीस वर्षं उघडपणे, विनातक्रार, हक्क म्हणून वहिवाट असेल तर हक्क मिळतो. पण दरसाल "दादा, जाऊ का?" विचारून गेलात तर ती परवानगी ठरते आणि परवानगी सहसा काढून घेता येते. आमचे वडील सज्जन, दर दिवाळीला विचारायचे. कोर्टात तेच अंगाशी आलं.

बांधावरचा यांची गोष्ट वेगळी. एकाच जमिनीची वाटणी होऊन आतला तुकडा कोंडला, तर गरजेची वाट कायदाच देतो, तिथे वीस वर्षं मोजायची नाहीत. शिवाय महसूल संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदाराकडे बांधावरून वाट मागता येते. आणि चालू वाट अडवली तर मामलेदार न्यायालय कायद्याखाली (मामलेदार म्हणजे तहसीलदारच) अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत जा. बहुतेक लोक भावकीत समेट होईल म्हणून थांबतात आणि मुदत घालवून बसतात.

हळद-ऊस
बांधावरून म्हणताय, पण बांध आहे कुठे? माझ्या लहानपणी आमच्या बांधावर दोन माणसं जोडीने चालायची, बोरीची झाडं होती. शेजारी दरवर्षी नांगराचं एक तास, म्हणजे एक ओळ, आत घेतो. आता पाय ठेवायला जागा नाही. आधी मोजणी करा, मग वाटेचं बोला.

सातबारावाला
हे मात्र शंभर टक्के खरं. बांध कोरणाराच पुढे वाट मागायला येतो!

बांधावरचा
म्हणजे मी बांध कोरला? तोंड सांभाळून बोला.

हळद-ऊस
तुम्हाला कोणी म्हटलं? माझं दुखणं सांगतोय. मोजणी आणली, खुणा रोवल्या, आठवड्यात खुणा गायब. पुन्हा फी, पुन्हा हेलपाटे. शेवटी आईने हात जोडले, "भाऊबंदकी नको." एवढ्यावर सोडलं. आजही पेरणीच्या दिवशी बांधाकडे बघवत नाही.

गडग्यापलीकडची
तुम्ही ऊस-हळद मोजताय. आमच्याकडे कोकणात बाहेरच्या माणसाने बाग घेतली आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या पायवाटेवर चिऱ्याचा गडगा घातला. भर पावसात सासूबाईंना खुर्चीत बसवून वहाळातून न्यावं लागलं. त्या वाचल्या, पण त्या रात्रीचं पाणी अजून माझ्या कानात आहे. "मर्जी" हा शब्द मला कोणी ऐकवू नये.

सातबारावाला
ताई, माणसाची वाट मी कधीच अडवली नाही, अडवणार नाही. माझं भांडण ट्रॉलीशी आहे.

कोर्टाच्या पायऱ्या झिजवलेला
आणि त्यात तुमची बाजू भक्कम आहे, हेही सांगतो. एका प्रकारच्या वाटेच्या हक्कात दुसऱ्या प्रकारची वाट येत नाही. पायवाटेचा हक्क गाडीवाट होत नाही, आणि वाटेचा भार मनाला येईल तसा वाढवता येत नाही. पण म्हणून चर खणायचा अधिकार मिळत नाही.

बांधावरचा
मान्य. मलाही त्यांच्या उभ्या पिकातून जायचं नाही. पण आता बैल राहिलेत कोणाकडे? ऊस डोक्यावरून आणू? बांधाच्या दोन्ही अंगांनी निम्मी-निम्मी जागा सोडा, मी माझी आधी सोडतो.

सातबारावाला
बैल नाहीत हे खरं, माझ्याकडेही नाहीत. ठीक आहे. माझ्या शेजाऱ्याला बांधालगत आठ फूट लिहून देतो, एक ट्रॉली, तीही वाफसा असेल, म्हणजे चिखल सुकलेला असेल तेव्हाच. सातबाऱ्याच्या इतर हक्कात नोंदही घेऊ दे. पण नवव्या फुटात चाक दिसलं तर मी सहा महिने थांबणार नाही, दुसऱ्या दिवशी तहसीलला असेन.

हळद-ऊस
आठ फूट मोजणार कुठून? खुणा आहेत का जागेवर?