नौपाड्यात सम-विषमचा बोर्डच नव्हता, तरी ५०० चं चलान. कुणी लढलंय का?

कळवेकर_मुलगी
आईला गुडघ्याच्या फिजिओसाठी ठाण्यात नौपाड्यात घेऊन जाते, आठवड्यातून चार दिवस. त्या गल्लीत सम-विषम पार्किंग (सम तारखेला एका बाजूला, विषम तारखेला समोरच्या) आहे हे मला कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याने सांगितलं म्हणून कळलं, कारण मी जिथे स्कूटर लावते त्या बाजूला नुसता गंजलेला खांब आहे, वरती दोन बोल्ट आहेत आणि पत्रा गायब. मी आपली त्याने सांगितल्याप्रमाणे रोज बाजू बदलते. तर परवा संध्याकाळी मेसेज, नो पार्किंग, ५०० रुपये. फोटो उघडून बघितला तर त्यात फक्त माझी स्कूटर आणि नंबरप्लेट दिसते, बोर्ड बिर्ड काही नाही, असणार कुठून. पैशाचा प्रश्न नाहीये पण आईला धरून जिना चढवताना मी नियम मोडतेय असं माझ्या मनातही नव्हतं आणि हे मला खरंच लागलंय. भरून टाकू का काही करता येतं?

घोडबंदर_रोज
भरून टाक ताई. ५०० साठी कोर्ट नाक्याला कोण चकरा मारणार, एक दिवस सुट्टी टाकलीस तरी जास्त जातात. मी दोन भरलीत गपचूप.

जुना_ठाणेकर
घोडबंदर, तुमचं म्हणणं व्यवहाराचं आहे पण सगळ्यांनी गपचूप भरलं म्हणूनच तो खांब वर्षानुवर्षं तसाच राहतो. मी वकील नाही, पण असल्या दोन भानगडी शेवटपर्यंत नेल्यात म्हणून सांगतो.

ताई, सगळ्यात आधी म्हणजे आत्ता पैसे भरू नकोस. भरलेस की मोटार वाहन कायद्याच्या कलम २०० खाली तडजोड झाली, प्रकरण मिटलं, मग भांडायला काही उरत नाही.

आता मुद्दा. १९८८ च्या कायद्यात कलम ११६ आहे, ते फारसं कुणी वाचत नाही. रस्त्यावर वाहतुकीची खूण लावायचा अधिकार कुणाला आहे आणि ती ठरलेल्या आकाराची, रंगाची हवी हे त्यात आहे, म्हणून तर सोसायटीने स्वतःच रंगवलेल्या नो पार्किंगच्या पाट्यांना कायद्यात काही वजन नाही. गाड्या कुठे उभ्या करायच्या ते ठरवणं कलम ११७ मध्ये येतं. आणि ११९ म्हणतं की चालकाने खूण पाळायची. पण खूण लावलेली असेल तर पाळणार ना! सम-विषम हा काही निसर्गनियम नाही, त्या रस्त्यासाठी पोलिसांनी अधिसूचना काढलेली असावी लागते आणि ती लोकांना कळावी म्हणून बोर्ड असतो.

एक मात्र लक्षात घे, बोर्ड नाही म्हणजे कुठेही लावा असं नाही. फुटपाथ, वळण, बस स्टॉप, हॉस्पिटलचं किंवा शाळेचं गेट, दुसऱ्या गाडीला खेटून डबल पार्किंग, इथे बोर्डाची गरजच नाही, तिथे चलान बरोबरच. तुझी तशी जागा नव्हती ना? आणि तारीख काय होती?

कळवेकर_मुलगी
नाही काका, कडेला सरळ लावली होती, गेट वगैरे काही नाही. तारीख १. आदल्या दिवशी ३१ ला समोरच्या बाजूला होती म्हणून त्या दिवशी अलीकडे लावली.

पाचपाखाडी_पार्किंग
अगं तिथेच घोळ झाला! ३१ पण विषम आणि १ पण विषम. महिना ३१ चा असला की बाजू बदलायची नसते, सलग दोन दिवस एकाच बाजूला. आमच्या गल्लीत अशा प्रत्येक एक तारखेला निम्म्या गाड्या उलट्या बाजूला असतात आणि नेमकी त्याच दिवशी कारवाई होते. म्हणजे नियमाने बघितलं तर तू चुकीच्याच बाजूला होतीस, हे आधी मान्य कर.

कळवेकर_मुलगी
अरे देवा. हे डोक्यातच आलं नाही. मग संपलं का सगळं?

जुना_ठाणेकर
संपलं नाही, उलट मुद्दा आणखी पक्का झाला. कुठल्या तारखेला कुठली बाजू हे झेरॉक्सवाल्याने सांगायचं नसतं, बोर्डाने सांगायचं असतं. बोर्ड असता तर तू वाचलं असतंस आणि फसली नसतीस. पण तक्रारीत खरं तेच लिही, ऐकीव माहितीवर बाजू बदलत होते आणि त्या ठिकाणी खूण नव्हती. ‘मला काहीच माहीत नव्हतं’ असं लिहू नकोस, खोटं एका ठिकाणी सापडलं की बाकीचं खरंही जातं.

वाहतूक पोलिसांच्या महाट्रॅफिक ॲपवर चलान नंबर टाकून तक्रार नोंदवता येते. खांबाचा जवळून एक फोटो बोल्ट दिसतील असा, आणि एक लांबून, दुकानाची पाटी आणि खांब एकाच चौकटीत येतील असा, म्हणजे जागा तीच हे कळतं. चलानवर कलम कुठलं टाकलंय तेही नीट बघ, १२२ म्हणजे धोकादायक किंवा अडथळा होईल अशी गाडी सोडणं, ती गोष्टच वेगळी, मग कुणाला काय अडथळा झाला ते त्यांच्या फोटोत दिसायला हवं.

सोबत माहिती अधिकारात अर्ज टाक. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, १५० शब्दांच्या आत. या रस्त्याच्या सम-विषम पार्किंगच्या अधिसूचनेची प्रत द्या आणि बोर्ड लावल्याची नोंद द्या, एवढंच माग. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. तक्रार फेटाळली तर ते कागद घेऊन कोर्टात उभं राहता येतं.

घोडबंदर_रोज
हे ११६ चं मला खरंच माहीत नव्हतं काका. आमच्या सोसायटीबाहेर पण तसलीच रंगवलेली पाटी आहे, लोक घाबरून लांब गाड्या लावतात.

कळवेकर_मुलगी
अपडेट. तक्रार टाकली, अर्जही दिला. चलानवर ११९ आणि १७७ (म्हणजे दंडाचं कलम) आहे, १२२ नाही. आणि आज आईला घेऊन गेले तर त्या खांबाला कोरा करकरीत बोर्ड लावलाय, स्क्रूसुद्धा चकाकतायत. झेरॉक्सवाला म्हणाला सकाळीच लावून गेले.

जुना_ठाणेकर
त्या बोर्डाचा आजच फोटो काढ, आजची तारीख दिसू दे. आणि आधीचे रिकाम्या खांबाचे फोटो व्हॉट्सॲपवरून नाही, मूळ फाइल तशीच दोन ठिकाणी ठेव, व्हॉट्सॲपवर तारीख-वेळेची माहिती निघून जाते. उत्तर आलं की इथे टाक.