शिबोरीला 'बांधणी' म्हणायचं का?

दौत:
इत्चिकु कुबोटा या जपानी कलावंताच्या प्रदर्शनांवर एका दिवाळी अंकासाठी लेख दिलाय. मुद्रितं आली. 'शिबोरी' (कापड आवळून, दाबून किंवा बांधून रंगवण्याची जपानी कला) जिथं जिथं होतं तिथं तिथं संपादकांनी 'बांधणी' करून ठेवलंय आणि समासात शेरा, 'आपला शब्द असताना परका कशाला?' 'आराशी' हा शिबोरीचा एक प्रकार, आराशी म्हणजे वादळ, असा खुलासा मी कंसात दिला होता, त्याचा त्यांनी पुरेपूर उपयोग केला. 'आराशी शिबोरी'ची आता 'वादळी बांधणी' झाली आहे. वाचून पक्षबांधणीच आठवते.

दुसरी अडचण 'रेझिस्ट डाइंग'ची, म्हणजे कापडाच्या काही भागावर रंग अडवून रंगवण्याची. मी 'रोधरंगाई' लिहिलं होतं. त्यावर लाल शाईत, 'म्हणजे काय?'

ज्यांना कुबोटा माहीत नाहीत त्यांच्यासाठी: जन्म १९१७, तोक्यो. विशीत असताना तिथल्या राष्ट्रीय संग्रहालयात त्यांनी 'त्सुजिगाहाना' या शिबोरीच्या लुप्त झालेल्या प्रकारातल्या रेशमी कापडाचा एक जुना तुकडा पाहिला आणि त्याचा ध्यास घेतला. मध्ये युद्ध, सैबेरियात कैद. पहिलं प्रदर्शन १९७७ साली, म्हणजे साठीला टेकल्यावर. या माणसाला 'जपानी बांधणीचा जादूगार' म्हणायचं का? शीर्षक तेच दिलंय.

ऱ्हस्वदीर्घ:
संपादकांचं चुकलं कुठे? कापड बांधायचं, रंगात बुडवायचं, सोडायचं. जगात कुठेही केलं तरी ती बांधणीच. बाणभट्टाच्या हर्षचरितात 'पुलकबंध' आहे, म्हणजे सातव्या शतकात आपल्याकडे शब्दही होता आणि वस्तूही. अजिंठ्याच्या भिंतींवर ठिपक्यांची वस्त्रं नेसलेल्या बायका आहेत. आपलं ते विसरायचं आणि तीच गोष्ट बाहेरून आली की दुप्पट भाव द्यायचा, ही सवय जुनी आहे. उद्या कोणी जपानी माणूस भाकरी थापेल, तर तिलाही वेगळं नाव देणार का?

अडकित्ता:
दुप्पट नव्हे, चौपट. लक्ष्मी रोडला चौकशी करून पाहा. आणि महाराष्ट्रात याला बांधणी कोण म्हणतं हो? शाळेत कार्यानुभवाच्या तासाला रुमालात हरभरे बांधून आपण जे केलं ते 'टाय अँड डाय' होतं. बाईही तेच म्हणायच्या, वहीतही तेच लिहिलंय. तेच लिहा, सगळ्यांना कळेल.

चाफेकळी:
नागोयात राहते, म्हणून चोमडेपणा. ज्या आरिमात्सुच्या शिबोरीचं एवढं नाव आहे ते आता नागोया शहरातच आलंय. १६०८ साली तोकाइदो या जुन्या हमरस्त्यावर वसवलेलं गाव. शेतीला जमीन बेताची, म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रवाशांना शिबोरीचे सुती पंचे विकायचे.

आता शब्द. 'शिबोरु' म्हणजे पिळणं, आवळणं. जेवायच्या आधी हात पुसायला देतात तो पिळलेला ओला रुमाल 'ओशिबोरी'. कॅमेऱ्याच्या भिंगातलं जे छिद्र लहानमोठं होतं त्यालाही 'शिबोरी'च म्हणतात. डोकं चालवण्यालाही अक्कल 'शिबोरणं' असा वाक्प्रचार आहे. म्हणजे शब्दाचा जीव पिळण्यात आहे, बांधण्यात नाही.

दौत:
मग 'पीळ'! 'पीळरंगाई' कसं वाटतं? दोरे सोडल्यावरही कापडावर सुरकुत्या राहतातच. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही, ही म्हण इथं अक्षरशः लागू पडते.

अडकित्ता:
पीळरंगाई वाचून मला पोटात कळ आली.

खण:
वस्त्रकला शिकवते, म्हणून जरा सविस्तर. शिबोरी हे एका कृतीचं नाव नाही, कुळाचं आहे. टोक उचलून दोऱ्यानं आवळायचं ते 'कानोको'. टाके घालून दोरा खेचायचा आणि चुण्या आवळायच्या ते 'नुइ'. घडी घालून दोन पाट्यांमध्ये दाबायचं ते 'इताजिमे'. खांबाला तिरपं गुंडाळून, वरून दोरा फिरवून कापड खाली रेटायचं ते 'आराशी'. सोडल्यावर वाऱ्यानं तिरपा झालेला पाऊस दिसतो, म्हणून वादळ.

आपली बांधणी यातल्या पहिल्या प्रकाराची सख्खी बहीण आहे. पण इताजिमेत बांधतात काय? दाबतात. आणि कुबोटांच्या कामाचा कणा टाके आहेत. आधी फुलाच्या कडेनं बारीक धावदोरा, मग तो खेचून आवळणं, मग रंग. त्याला बांधणी म्हटलं तर माझ्या विद्यार्थिनी मला घरी पाठवतील.

ऱ्हस्वदीर्घ:
आणि राजस्थानची लहरिया? तीही तिरपी गुंडाळून ठिकठिकाणी बांधतात, पट्टेही तिरपेच येतात. म्हणजे तुमचं वादळ आपल्याकडे आधीपासून होतं. ओडिशात तर इकतलाच 'बांध' म्हणतात, जिथं कापड नव्हे, सूतच बांधून रंगवतात. मलायमध्ये 'इकत' म्हणजेही बांधणं. सगळं जग बांधतंय, फक्त मराठी दिवाळी अंकाला शिबोरी हवी.

खण:
अहो, हा तर माझ्याच बाजूचा मुद्दा झाला! लहरियाला राजस्थानी माणूस बांधणी म्हणत नाही, लहरिया म्हणतो. ओडिया माणूस बांध म्हणतो. कोणाच्याही कामाचं नाव आपण पुसलेलं नाही. जपान्यांचंच का पुसायचं?

खडीसाखर:
वडिलांच्या नोकरीमुळे लहानपण भुजला गेलं. शेजारच्या काकी दुपारभर दारात बसून बांधायच्या. कापडाची चौपदरी घडी, त्यावर गेरूचे छापलेले ठिपके. वाढवलेल्या नखानं खालून टोक उचलायचं, दोऱ्याचे वेढे द्यायचे आणि दोरा न तोडता पुढच्या ठिपक्यावर जायचं. बोलणं चालूच. एका दाण्याला 'भींडी' म्हणायच्या. मी विचारलं, भाजीतली? तर त्यांनी हसून माझ्या तळहातावर एक गाठच मारली.

दुकानात साडी बांधलेलीच दाखवायचे. गिऱ्हाइकानं हो म्हटलं की दोघं जण दोन टोकं धरून हिसका देत, आणि तडतड करत सगळे दोरे निघून पडत. तो आवाज ऐकल्याशिवाय आई पैसे द्यायची नाही, छापील माल तडतडत नाही ना.

मराठीत आमच्या जळगावच्या आजीचा शब्द 'चुनडी' होता. तो कोणालाच आठवत नाही का? चुण्या पाडून करतात ती चुनडी, असं ती सांगायची.

ऱ्हस्वदीर्घ:
वा ताई! 'चुनडी' घ्या. 'जपानी चुनडी'.

अडकित्ता:
आता देवीची ओटी भरतोय असं वाटायला लागलं.

वॉशिंग्टनचा वडा:
तुम्ही शब्दावर भांडताय, मी वस्तू पाहिली आहे. १९९५-९६ मध्ये स्मिथसोनियनच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयात कुबोटांचं प्रदर्शन होतं. हत्ती, डायनोसॉर पाहायला गेलो होतो, आणि दालनात हे किमोनो. बाह्या पसरून एकाशेजारी एक टांगलेले. एकाची टेकडी शेजारच्यावर जाते, तिथून पुढच्यावर, आणि चालता चालता शरद संपून हिवाळा लागतो. लांबून चित्र वाटतं. वीतभर अंतरावर गेलात की सगळं कापड दाण्यादाण्यानं फुगलेलं. बायको म्हणाली, याला इस्त्री कशी करत असतील?

ती सगळी मालिका मिळून 'प्रकाशाची सिंफनी'. ऐंशी किमोनोंचा बेत होता, २००३ साली ते गेले तेव्हा तो अपुराच होता. फूजीजवळ कावागुची तळ्याकाठी १९९४ मध्ये त्यांनी स्वतःचं संग्रहालयही काढलं. जमलं तर जा, पण आधी मुलांना सांगून ठेवा की हात लावायचा नाही.

दौत:
हेच लेखात आहे, फक्त मी 'पाहिलं' असं लिहू शकत नाही. आणखी एक मुद्दा. मूळ त्सुजिगाहाना ज्या रेशमावर करत ते रेशीम आता बनतच नाही. मग त्यांनी चिरिमेन, म्हणजे क्रेपसारखं रेशीम, घेतलं आणि आधुनिक रासायनिक रंग वापरले. म्हणून नुसतं जुनं नाव न घेता 'इत्चिकु त्सुजिगाहाना' म्हटलं. जो माणूस जपानीतलंच नाव जसंच्या तसं घ्यायला कचरतो, त्याच्यावर आपण भुज-जामनगरचं नाव चिकटवायचं?

चाफेकळी:
गंमत म्हणजे त्सुजिगाहाना या शब्दावरही इथं वाद आहे. अक्षरं पाहिली तर 'चव्हाट्यावरचं फूल'. पण चव्हाटा कुठून आला हे धड कोणी सांगत नाही.

ऱ्हस्वदीर्घ:
बघा, त्यांचंही जमत नाही. बाय द वे, शिबोरी हा शब्द 'शिवणे'वरून गेला असण्याची शक्यता कोणी तपासली आहे का? बौद्ध भिक्षूंबरोबर शिवलेली वस्त्रं गेली, शब्दही गेला असेल. शिव, शिवोरी, शिबोरी.

चाफेकळी:
काका, ते क्रियापद आहे, 'शिबोरु'. लिंबू शिवतात का तुमच्याकडे?

अडकित्ता:
'बाय द वे'ला मराठीत काय म्हणतात, ते आधी सांगा.

खण:
कृपा करून मुद्द्यावर या. माझं मत: शिबोरीला शिबोरीच ठेवा. पहिल्यांदा येईल तिथं एका ओळीत कृती सांगा, पुढं वाचक सांभाळून घेतो. 'रेझिस्ट'साठी 'रोध' हा वर्गातला शब्द आहे, रंगाऱ्यांच्या तोंडी नाही. 'रंग अडवून काढलेली नक्षी' म्हटलं की मेण लावलेलं बाटिक, चिखल लावलेलं दाबू आणि बांधलेलं कापड, तिन्ही त्यात बसतात.

मराठीत 'बांधणी' म्हटलं की पुस्तकाची, वाक्याची, शरीराची आधी आठवते, हेही आहेच. 'कुबोटांची बांधणी भक्कम होती' असं कोणी वाचलं तर?

खडीसाखर:
गुजरातीत 'बांधणी' म्हणताना असा घोळ होत नाही, कारण ती साडीच असते.

बरं, कानोको म्हणजे काय हो? भींडीसारखं काही?

चाफेकळी:
हरणाचं पाडस. त्याच्या पाठीवरचे ठिपके. सगळा किमोनो कानोकोनं भरायचा तर इतका खर्च आणि इतका वेळ लागायचा की १६८३ साली सरकारनं उधळपट्टी म्हणून त्यावर बंदीच घातली होती.

ऱ्हस्वदीर्घ:
पाडस! मग 'पाडशी बांधणी' का नको?

खण:
कारण तिथं पाडस आहे, बांधणी नाही. मी थकले.

दौत:
संपादकांचा फोन आला होता. 'शिबोरी' ठेवायला ते तयार आहेत, पण आता विचारतायत की ती शिबोरी की ते शिबोरी. मी सगळीकडे स्त्रीलिंगी लिहिलंय. त्यांच्या मते तंत्र, म्हणून नपुंसक.

खडीसाखर:
ती. साडी ती, बांधणी ती, चुनडी ती.

ऱ्हस्वदीर्घ:
परभाषेतल्या ईकारान्त शब्दाला आपोआप स्त्रीलिंग देणं चुकीचं आहे. सुमो-कुस्तीतला रिकिशी ती असतो का?

अडकित्ता:
सुशी ती असते. ती खाल्ली म्हणतो आपण.

वॉशिंग्टनचा वडा:
या सगळ्यात एक कामाचं विचारतो. मुलीनं निळीचा शिबोरी कुर्ता आणलाय, पहिल्याच धुण्यात बादली निळी झाली. मिठाच्या पाण्यात ठेवू का?

खण:
मीठ नको, नीळ त्यानं पक्की होत नाही. वरवर बसलेला रंग आहे तो, दोन-तीन वेळा गार पाण्यात वेगळा धुतलात की थांबेल. कडक उन्हात वाळवू नका.

खडीसाखर:
आमच्याकडे तुरटी लावायचे.

खण:
तुरटी आलसारख्या, म्हणजे झाडाच्या मुळापासून काढलेल्या लाल रंगांना लागते, तीही रंगवायच्या आधी. निळीला नाही.

खडीसाखर:
नसेल. पण आजीच्या साड्या कधी गेल्या नाहीत.