स्पेक्ट्रमच्या जुन्या कॅसेट नेटवर कशा जपाव्यात?

माळ्यावरची_भाची:
मंडळी, मामाच्या माळ्यावर झेडएक्स स्पेक्ट्रमच्या (१९८०च्या दशकातला घरगुती संगणक, त्याचे खेळ कॅसेटवरून चढवायचे) १४ कॅसेट सापडल्या. त्याच्याकडे डेसिबेल्स कंपनीने भारतात काढलेला डीबी स्पेक्ट्रम प्लस होता, तो केव्हाच भंगारात गेला. बाराएक कॅसेट विकतच्या खेळांच्या, आत रंगीत चित्रं. दोनवर मामाच्या अक्षरात 'पतंग', म्हणजे त्याने स्वतः बेसिक या संगणकी भाषेत लिहिलेला खेळ. सोबत आलेखवही, ८ बाय ८ चौकटींत मराठी अक्षरं रंगवलेली. सुरुवात कुठून करू? घरी टेपरेकॉर्डर आणि लॅपटॉप आहे.

खरखर:
लगेच वाजवू नका! इतक्या वर्षांत पट्टी चिकटलेली असते. आधी एकदा पूर्ण पुढे, मग पूर्ण मागे गुंडाळा. टेपरेकॉर्डरचं हेड, म्हणजे पट्टी वाचणारा भाग, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. हेडफोनच्या भोकातून तार लॅपटॉपला, मग तिथे आवाज रेकॉर्ड करा: ४४.१ किलोहर्ट्झ, वेव्ह फाइल. एमपी३ अजिबात नको. आवाज दबका येत असेल तर हेडशेजारचा बारीक स्क्रू हलक्या हाताने फिरवा आणि चरचर सगळ्यात धारदार होईल तिथे थांबा. निम्म्या कॅसेट एवढ्यानेच उठतात. वेव्हवरून टीझेडएक्स फाइल (स्पेक्ट्रमच्या टेपची संगणकी प्रत) बनवा. टॅप ही दुसऱ्या प्रकारची फाइल सोपी, पण विकतच्या खेळांचे स्वतःचे लोडर (टेपवरून खेळ आत घेणारे प्रोग्राम) तिच्यात बसत नाहीत. फ्यूज इम्युलेटरवर (लॅपटॉपवर स्पेक्ट्रमची नक्कल करणारा प्रोग्राम) चालवून खात्री करा.

चौकटराजा२:
मी तर म्हणेन, आधी 'पतंग'. विकतचे खेळ 'वर्ल्ड ऑफ स्पेक्ट्रम' या वेबसाइटवाले १९९५ पासून गोळा करतायत, तुमचे बहुतेक तिथे असतीलच. मामांचा खेळ जगात फक्त तुमच्याकडे आहे.
विकतच्या कॅसेटमधली चित्रं मात्र टाकू नका. पडद्यावर ८ बाय ८ च्या एका घरात दोनच रंग मावायचे, त्यामुळे खेळाचा सगळा थाट वेष्टणावरच असे. ओशन कंपनीचा एखादा खेळ असेल तर चित्र बॉब वेकलिन या त्यांच्या वेष्टण-चित्रकाराचं आहे का बघा. स्कॅन करा: ६०० डीपीआय (इंचाला ६०० ठिपके), टिफ फाइल. डाग, घड्या पुसत बसू नका. आलेखवहीही तशीच स्कॅन करा. आणि 'पतंग' नेटवर चढवण्याआधी मामांना विचारा, हक्क त्यांचा.

माळ्यावरची_भाची:
विचारलं. लाजला, पण हो म्हणाला. स्वतःची चिन्हं काढायला २१च जागा मिळायच्या म्हणे, त्यात 'ळ' राहून गेला. त्यामुळे शेवटी पडद्यावर 'खेल संपला' येतं. ते तेवढं सुधारून टाक म्हणतोय.

चौकटराजा२:
मुळीच नाही. मामांना सांगा, 'ल'च राहणार.