नाल्याला पूर आला की उपासना कशी पोचवावी? छोट्या मंडळीसाठी सल्ला हवा

पायथ्याची_ताई
सर्वांना सलाम. आमची ख्रिस्ती मंडळी अचलपूर तालुक्यात, मेळघाटच्या पायथ्याशी. पाळक (पास्टर) एकच आणि गावं बरीच. पावसाळ्यात नाला भरला की पलीकडच्या वस्तीतल्या घरांना रविवारी देवळात (चर्चमध्ये) येता येत नाही. म्हाताऱ्यांना तर उन्हाळ्यातही एवढं चालवत नाही. पोट्टे पुण्या-नागपूरला. तरुण म्हणतात यूट्यूबवर लाइव्ह करू, पण वस्तीत रेंज नाही, बऱ्याच घरी बटणाचा फोन आहे आणि लाइनीचा भरवसा नाही. खर्चही बेतानं करावा लागेल. आपण मंडळीतून तुटलो असं कोणत्याच म्हाताऱ्या माणसाला वाटू नये, एवढी माझी कळकळ आहे. ज्यांनी हे करून पाहिलं त्यांनी सांगावं.

वणीचा_भाऊ
ताई, लाइव्हच्या मागे लागू नका. आधी नुसता आवाज पोचवा. अर्ध्या तासाचं रेकॉर्डिंग ६४ केबीपीएस दर्जावर केलं तर १४-१५ एमबी होते. तेवढाच व्हिडिओ शंभर-दोनशे एमबीच्या घरात जातो, तो वस्तीत उतरणारच नाही.

आम्ही शनिवारी संध्याकाळी रेकॉर्ड करतो. जागा टिनाखालची नको, सर आली की शब्द ऐकू येत नाही. खोली रिकामी असेल तर भिंतीला गोधड्या टांगा, आवाज घुमत नाही. कॉलर माइक पाळकांच्या हनुवटीखाली वीतभर अंतरावर लावा आणि फोन विमान मोडवर टाका. पेटी वाजणार असेल तर फोन भात्याच्या बाजूला ठेवू नका, भात्याची फसफस गाण्याच्या वर येते.

बटणाच्या फोनसाठी फाइल एमपी३ करा. व्हॉट्सॲपचा व्हॉइस मेसेज वेगळ्या प्रकारचा असतो, साध्या फोनवर बहुतेक वाजत नाही. बाजाराच्या दिवशी लोकांची मेमरी कार्डं गोळा करून त्यात भरून द्या. शनिवारी नाला भरलेला असला तर मागच्या बाजारी दिलेलं रेकॉर्डिंग त्यांच्याजवळ असतेच.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सगळी उपासना रेकॉर्ड करू नका. पाळकांनी वचन वाचावं, संदेश द्यावा, मग गीताचा क्रमांक सांगून थांबावं. तिथं फाइल थांबवून वस्तीतल्या लोकांनी स्वतः गीत म्हणायचं. चार घरं एका ओसरीवर जमवा, छोटा स्पीकर लावा, मंडळीतल्या एखाद्या वडीलधाऱ्याला प्रार्थना चालवायला सांगा. कोरकू बोलीत करत असतील तर कोरकूत करू द्या. नुसतं ऐकत बसवलं तर दोन महिन्यांत लोक उठून जातात, तोंडानं गायला लावलं की टिकतात. आमच्याकडे हेच झालं.

सीताबर्डी_३२
बाहेरगावच्या मुलांसाठी मात्र कॉल बरा. झूम फुकटात ४० मिनिटांनी बंद होते. गूगल मीटवर तिघे किंवा जास्त असले की ६० मिनिटं मिळतात. व्हॉट्सॲप कॉलमध्ये ३२ जण बसतात, छोट्या मंडळीला पुष्कळ. सगळ्यांनी मिळून गायचा हट्ट धरू नका. प्रत्येकाचा आवाज मागेपुढे पोचतो आणि गीताचा पार चुथडा होतो. एकानं गावं, बाकीच्यांनी माइक बंद ठेवून घरी म्हणावं. झूम पेटीला गोंगाट समजून दाबते, त्यासाठी सेटिंगमध्ये ‘ओरिजिनल साउंड’ सुरू करा. पुढेमागे मोबाइलवरून यूट्यूब लाइव्ह करायचंच झालं तर निदान ५० सबस्क्रायबर लागतात आणि पहिल्यांदा परवानगी मिळायला २४ तास लागू शकतात, म्हणून रविवारी सकाळी ऐनवेळी सुरू करायला जाऊ नका.

सिस्टर_वर्धा
एक विनंती. आजाऱ्यांसाठीची प्रार्थना रेकॉर्डिंगमध्ये घेऊ नका. कोणाला टीबी आहे, कोणाची सून माहेरी गेली, हे एकदा फाइलमध्ये गेलं की गावभर फिरते. अशा विनंत्या पाळकांना फोनवर सांगाव्या. व्हिडिओ टाकलाच तर अनलिस्टेड ठेवा, म्हणजे लिंक असलेल्यांनाच दिसेल, आणि लेकरांचे चेहरे टाळा.

पायथ्याची_ताई
वणीच्या भाऊंनी सांगितलेलं मनाला पटलं. पाळकांशी बोलते. आणखी दोन गोष्टी विचारायच्या होत्या. प्रभुभोजनाचं, म्हणजे भाकर-द्राक्षरसाच्या विधीचं, काय करावं? आणि अर्पणाचं, म्हणजे देवळात देतात त्या दानाचं?

सीताबर्डी_३२
अर्पणाचा क्यूआर कोड मंडळीच्या खात्याचाच लावा, कोणाच्या स्वतःच्या खात्याचा नको. म्हाताऱ्यांना घरी डबा ठेवू द्या, भेटीला जाल तेव्हा आणा.

वणीचा_भाऊ
प्रभुभोजनाचा निर्णय पाळकांनी आणि त्यांच्या वरच्यांनी घ्यावा, आपण परस्पर ठरवू नये. २०२० च्या टाळेबंदीत, १२ एप्रिलचा ईस्टर घरातच गेला तेव्हा, काही मंडळ्यांनी घरोघरी भाकर आणि द्राक्षरस ठेवून ते घेतलं, काहींनी देऊळ उघडेपर्यंत थांबणं पसंत केलं. कॅथलिक बंधूंकडे फोनवरून मिस्सा (त्यांची उपासना) पाहिली तरी प्रत्यक्ष कम्युनियन, म्हणजे प्रभुभोजन, धर्मगुरूंनी पवित्र केलेल्या भाकरीचंच असते.

मला स्वतःला घरी नेऊन देणं सगळ्यात बरं वाटते. आणि ही काही आजची नवी सोय नाही. दुसऱ्या शतकात रोममध्ये जस्टिन मार्टर या ख्रिस्ती लेखकानं लिहून ठेवलं आहे की जे सभेला येऊ शकले नाहीत त्यांच्यासाठी सेवक भाकर घरी घेऊन जात. तेव्हा नाला उतरला की पाळकांनी महिन्यातून एकदा वस्तीवर जावं आणि त्याच ओसरीवर प्रभुभोजन द्यावं. रेकॉर्डिंग मधल्या रविवारांसाठी आहे, पाळकांच्या भेटीऐवजी नाही. हे मंडळीच्या वडीलधाऱ्यांच्या सभेत पहिल्याच दिवशी ठरवून घ्या. नाहीतर फाइल जाऊन राहिली म्हणून भेटी हळूहळू बंद पडतात, आणि तुमची कळकळ तर त्याच्याचसाठी आहे.

पायथ्याची_ताई
हे सभेत मांडतेच. कॉलर माइक परतवाड्यात घेताना काय पाहावं?

वणीचा_भाऊ
ज्या फोनवर रेकॉर्ड करणार तोच सोबत न्या. पिन गोल आहे की टाइप-सी, ते पाहा. वायर लांब घ्या, पाळकांना उभं राहून बोलता आलं पाहिजे. दुकानातच दोन मिनिटं बोलून रेकॉर्ड करा आणि बटणाच्या फोनवर वाजवून पाहा, मगच पैसे द्या.